उडाणटप्पू मंडळ

मंडळ चालू असतं तोवर नुसती कामं असतात. ते बंद पडलं की किस्से सुरू होतात. आमचंही तसंच झालं. धुळ्यात देवपूरला कॉलेजसमोर एक टपरी आहे. रविवारी सकाळी आम्ही तिथं जमतो. चहा येतो, कुणीतरी "तुम्हाला आठवतं का..." म्हणतं, आणि चहा गार होतो. पूर्वी नुसतं हसणं असायचं. आता हसता हसता मधेच एक जण गप्प होतो, मग सगळेच. तरी किस्से वाढतच जातात. जुन्याच किस्स्यात कुणाला तरी नवीन काही आठवतं. नको असताना आठवतं.

आधी मंडळी सांगतो. दोंडाईच्याचे नाना, मिरचीचे व्यापारी, आमचे अध्यक्ष. स्वतः कधी शिडीवरसुद्धा चढले नाहीत, पण आकाशात घरघर ऐकू आली की मिरचीचा सौदा सोडून बाहेर! देवरे साहेब हवाई दलात विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले, धुळ्याचेच. मंडळात सुरक्षा त्यांच्याकडे. मनीषा जळगावला फिजिओथेरपिस्ट. आणि विलासभाऊ, रावेरकडचे केळीवाले. ही दोघं उडायची. मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून माझ्या हातात माईक. सगळे मला 'सर' म्हणतात.

आम्ही पॅरामोटरचे शो करायचो. म्हणजे पाठीला इंजिनाचा मोठा पंखा बांधायचा, डोक्यावर पॅराशूटसारखा कापडी पंख पसरायचा, आणि पळत सुटायचं. पळता पळता पाय जमिनीवरून सुटतात. यात्रा, कृषी प्रदर्शन, कॉलेजचं गॅदरिंग, बोलावलं तिथं जायचो. नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. त्यांनी आमची पहिली मीटिंग आतून ऐकली आणि चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या,

"कसानं हवाई मंडळ! बठ्ठा उडाणटप्पू शेतस!"

म्हणजे कसलं मंडळ, सगळेच उडाणटप्पू. तेच नाव पडलं.

* * *

पहिला शो साक्रीकडच्या एका यात्रेत. विलासभाऊ वर गेले, माणसं बोटं दाखवायला लागली, मी माईकवर रंगात आलो, आणि वरचा आवाज बंद! इंजिन बंद पडलेलं.

इंजिन बंद पडलं तरी वरचं कापड माणसाला अलगद खाली आणतं. पण कुठं आणायचं ते वारा ठरवतो. वाऱ्यानं त्यांना रस्त्यापलीकडे नेलं आणि नुकत्याच लावलेल्या कांद्याच्या वाफ्यात उतरवलं. वरून ते लालपिवळं कापड सगळ्या रोपांवर पसरलं.

आम्ही धावत गेलो. वाफ्यात एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. विलासभाऊ हात जोडून सांगत होते, "आजी, मशीन बंद पडलं, मी मुद्दाम नाही उतरलो."

म्हातारी म्हणाली, "वरतून ऊना ते ऊना! पन बांधवरतून येता नही ऊनं का तुले?"

मग तिनं आमच्याकडून उपटलेली रोपं पुन्हा लावून घेतली. नानांच्या अंगात पांढरा सफारी होता. उकिडवे बसून ते कांदे लावताहेत आणि मागे यात्रेतला पाळणा फिरतोय, हा फोटो अक्कांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला होता. हल्ली तो तिथं नाही. फोटोत नानांच्या शेजारी विलासभाऊ आहेत.

* * *

देवरे साहेब प्रत्येक शोच्या आधी मैदानावर चुन्याच्या फक्कीची रेघ मारायचे. रेघेच्या अलीकडे लोक, पलीकडे उडणारे. आणि प्रत्येक शोला लोक रेघेच्या पलीकडे!

एकदा धुळ्याबाहेरच्या मैदानावर एक गृहस्थ सगळं कुटुंब घेऊन आले. सतरंजी, पाण्याचा जार, शेंगदाण्याची पिशवी. बसले ते थेट उतरायच्या जागेच्या टोकाला. देवरे साहेब तिथवर चालत गेले. शांतपणे म्हणाले, "इथं बसू नका. वर काही गडबड झाली तर जे काय पडायचं ते इथंच येऊन पडतं."

गृहस्थ आनंदानं बायकोकडे वळले. "बघ! मी म्हटलं नव्हतं, जागा बरोबर आहे!"

देवरे साहेबांनी शेवटी सतरंजीचं एक टोक स्वतः धरलं आणि सगळ्यांना उठवलं. त्या दिवसापासून त्यांची रेघ दर शोला मागे मागे सरकायला लागली. नाना वैतागायचे. "साहेब, अशानं लोक नंदुरबारला बसतील!"

"बसू द्या," साहेब म्हणायचे. "जिवंत बसतील."

आम्ही हसायचो. साहेब हसायचे नाहीत. नोकरीत असताना त्यांनी विमानांच्या कसरतींचं एक प्रदर्शन पाहिलं होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यात काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

* * *

एक दिवस साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"सर, माईकवाल्याला एक वाक्य पाठ पाहिजे. काही झालं तर त्या क्षणी काही सुचत नाही. पाठ असलं की तोंडातून निघतं."

"कोणतं वाक्य?"

"सर्वांनी आपापल्या जागेवरच थांबावं. मदत पोहोचते आहे. असं दोनदा म्हणायचं. आवाज चढवायचा नाही. अपघात हा शब्द काढायचा नाही."

मी घरी सराव केला. आंघोळीच्या वेळी, बादली भरताना, मोठ्यानं. "सर्वांनी आपापल्या जागेवरच थांबावं..."

स्वयंपाकघरातून बायको धावत आली. दारावर थाप. "अहो, कोण गेलं?"

"कुणी नाही. सराव करतोय!"

मग ती म्हणाली, "तुम्ही कसला सराव करता? जो वर जातो, तो करतो का?"

दुसऱ्या दिवशी मी विलासभाऊंना हाच प्रश्न विचारला. त्यांच्याकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. जळगावला ते जयगाव म्हणायचे, केळीला केयी. ते केळीच्या पानावर पोहे खात होते. खाता खाताच म्हणाले,

"मी खाली यायचा सराव करतो ना सर. तुमी बोलायचा करा. आपलं काम आपल्यापाशी!"

* * *

हा किस्सा टपरीवर कुणी सुरू करत नाही. पण कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी इथंच येते.

जळगावच्या बाजूला एक कृषी प्रदर्शन होतं. थंडी नुकतीच संपलेली. आमचा शो सकाळी लवकर ठरलेला, कारण पॅरामोटर सकाळच्या थंड हवेतच उडवायचं असतं. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर उसळते, वावटळी उठतात. हे सगळं आयोजकांना सांगितलेलं. पण प्रमुख पाहुणे यायचे होते, आणि पाहुणे आल्याशिवाय उद्घाटन नाही, उद्घाटनाशिवाय शो नाही.

पाहुणे आले तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. मंडपाच्या झालरी फडफडत होत्या.

देवरे साहेब म्हणाले, "आज उडायचं नाही."

आयोजकांपैकी एक जण म्हणाला, "साहेब, पत्रिकेत छापलंय हो!"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते विलासभाऊंसमोर जाऊन उभे राहिले. "विलास, नाही."

नानाही म्हणाले, "भाऊ, राहू द्या. पुन्हा करू." हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं गावात लोक वेगळं बोलले. नानांनी नाही म्हटलं होतं.

पण त्या दिवशी विलासभाऊंच्या गावची माणसं पहिल्यांदाच शो बघायला आली होती, टेम्पो करून. पुढच्या खुर्च्यांवर बसली होती. सुनंदावहिनी, त्यांची बायको, शेजारणीला काहीतरी समजावून सांगत होत्या, हातानं वर दाखवत.

विलासभाऊंनी पट्टे बांधायला घेतले. "साहेब, लोकं सकायपासून बशेल हायेत. एक चक्कर मारतो अन् उतरतो. लगेच."

ते छान वर गेले. मी माईकवर त्यांचं गाव सांगितलं, केळीचा मळा सांगितला, पुढच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. त्यांनी मोठी चक्कर मारली. मग खाली येता येता घिरट्या घ्यायला लागले. हा त्यांचा आवडता प्रकार. एका बाजूला कलून, भोवऱ्यासारखं गोल गोल खाली यायचं आणि अगदी जवळ येऊन सरळ व्हायचं.

मैदानाच्या कडेनं धुळीचा एक उभा खांब सरकत आला. मी पाहिला. साहेबांनीही पाहिला, त्यांनी दोन्ही हात वर केले. वरच्या कापडाची एक बाजू दुमडली. ट्रॅक्टरच्या स्टॉलमागे ते पडले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, हाही खेळातलाच एक भाग! सबंध मैदान टाळ्या वाजवत होतं.

माझ्या तोंडातून वाक्य निघालं. "सर्वांनी आपापल्या जागेवरच थांबावं. मदत पोहोचते आहे." टाळ्या चालूच. मी दुसऱ्यांदा म्हटलं. आवाज चढवला नाही. टाळ्या चालूच.

मग पुढच्या रांगेतून सुनंदावहिनी उठल्या आणि पळायला लागल्या. चपला तिथंच राहिल्या. त्यांना पळताना बघून एकेक रांग थांबत गेली.

अँब्युलन्समध्ये वहिनी पुढे बसल्या होत्या, मी मागे विलासभाऊंजवळ. ते शुद्धीवर होते. माझी बाही ओढून त्यांनी विचारलं, "सर, गावची मानसं व्हती ना?"

"होती."

"टाया वाजवल्या का त्यायनं?"

"वाजवल्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते बोलले नाहीत. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

* * *

दहाव्याला आम्ही त्यांच्या गावी गेलो. नदीकाठी माणसं बसली होती. माझ्या शेजारी एक पाहुणे, विलासभाऊंच्या दूरच्या नात्यातले. त्यांनी मोबाईल काढला.

"हा व्हिडिओ पाहा. हा स्टेजवरून घेतलेला. अन् हा ट्रॅक्टरच्या बाजूचा, यात जवळून दिसतं. एकानं तर गाणं टाकलंय मागं."

मी म्हटलं, "राहू द्या."

त्यांनी आवाज जरा वाढवला, कान लावला, आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मागं बोलून राहिले ते तुमीच ना? आवाज मस्त हाय तुमचा!"

तेव्हापासून माझा आवाज माझा राहिला नाही. बाजारात भाव विचारला की भाजीवाला मान वर करतो. बँकेत, पेट्रोलपंपावर, तेच. कुणी वाईट बोलत नाही. नुसतं बघतात आणि मग आठवतं त्यांना.

कॉलेजात एकदा तास संपायच्या आधीच मुलं दप्तरं आवरायला लागली. केवढा गोंगाट! मी ओरडलो, "जागेवरच थांबा!"

हातातली दप्तरं हातात. मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिनं खिडकीतून वर बघितलं.

आता मी वर्गात फक्त "बसा" म्हणतो.

* * *

त्यानंतर मनीषाच्या लग्नाचं बघणं सुरू झालं. बोदवडचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, माणसं सुशील, पोह्यांची स्तुती वगैरे झाली. मग मुलाच्या काकांनी घसा साफ केला.

"ऐकलंय, मुलगी उडते?"

मनीषाचे वडील म्हणाले, "हौस आहे हो तिची."

"लग्नानंतर बंद करणार असेलच."

मुलानं थेट मनीषालाच विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते."

"मग कशाला करता?"

मनीषा म्हणाली, "तुम्ही बोदवडहून मोटरसायकलवर आलात ना? हेल्मेट कुठंय तुमचं?"

मुलगा मनापासून हसला. मनीषा सांगते, तिथंच तिला तो आवडला होता. पण निरोप आला तो त्याच्या वडिलांचा. फोनवर, फार सभ्यपणे. "मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. पण रोज आम्ही काय, वर बघत बसायचं का?"

मनीषाला वाटलं, आई चिडेल. आई भांडी विसळत होती. ती म्हणाली,

"बरोबर बोलले ते. मी तेच करते."

मग मनीषाला कळलं की ती धुळ्याला उडायला येते त्या प्रत्येक रविवारी, तिचा 'उतरले' असा फोन येईपर्यंत, आई जळगावला घराच्या गच्चीवर उभी असते. तिथून धुळं दिसतं का? काहीच दिसत नाही. तरी उभी असते.

* * *

शो बंद झाले. आम्ही बंद केले असं म्हणायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे बोलावणीच थांबली. मधूनमधून नानांना कुणाचा तरी फोन यायचा. "नाना, उडणारं काहीतरी ठेवायचंय कार्यक्रमात. पण माणूस नको."

एका वर्षी पांझरेच्या काठी एका महोत्सवात ड्रोनचा शो ठेवला. बाहेरगावची कंपनी. दिवेलागणीची वेळ होती. नाना आम्हाला सगळ्यांना घेऊन गेले. म्हणाले, "बघू तरी, आपल्या जागी कोण आलं."

मी खोटं बोलणार नाही, सुंदर होतं. शेकडो दिवे एकदम वर गेले. त्यांचा मोर झाला, तिरंगा झाला, केळीचा घड झाला. घड झाला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मधेच एक दिवा निखळला आणि नदीच्या पात्रात गवतात पडला. कुणी 'अरे' म्हटलं नाही. कंपनीचा एक तरुण टॉर्च घेऊन गेला, ड्रोन उचलून पिशवीत टाकला आणि परत आला. देवरे साहेबांनी त्याला थांबवलं.

"काय झालं रे?"

"काही नाही काका, एक गेला. वरचं चित्र तसंच आहे."

साहेब वर बघत राहिले. चित्र तसंच होतं.

शो संपला, लोक उठायला लागले. नानांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, ती उठेना. तिनं नानांना विचारलं, "भाऊ, हाई ते व्हयनं. आते मानूस कव्हय येई?"

नाना म्हणाले, "आते मानूस नही येस, माय."

म्हातारीला पटेना. तिनं रिकाम्या आकाशाकडे पाहिलं, मग नानांकडे.

"मंग पडी कोन?"

नाना रात्री दोंडाईच्याला घरी पोहोचले. अक्कांनी ताट वाढलं तर म्हणाले, भूक नाही.

* * *

आणखी एक सांगतो.

विलासभाऊंचे वडील, आबा. ऐंशीच्या घरातले. मुलाचं उडणं त्यांना कधीच मान्य नव्हतं. शो गावाजवळ असो की लांब, ते आले नाहीत. त्या दिवशी टेम्पो भरून सगळं गाव आलं तेव्हाही ते मळ्यात पाणी धरत होते. दहाव्याला ते आमच्याशी बोलले नाहीत. आम्हीही समोर जायचं धाडस केलं नाही.

तोपर्यंत मंडळाचं एवढंच उरलं होतं की रविवारी पहाट फुटली की मनीषा धुळ्याबाहेरच्या एका मोकळ्या रानात एकटी उडायची. देवरे साहेब वारा बघायचे, नाना आणि मी नुसते उभे राहायचो. बघायला चरणारी गुरं. साहेबांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, सरळ जायचं, सरळ यायचं. घिरट्या नाहीत.

अशाच एका सकाळी रिक्षा येऊन थांबली. आबा उतरले. टोपी, खांद्यावर रुमाल, हातात कापडी पिशवी. आदल्या दिवशीच एस्टीनं येऊन नातेवाइकांकडे राहिले होते.

नानांनी हात जोडले. मी खुर्ची पुढं केली. आबा बसले, पाणी प्यायले, पाठीवर पंखा बांधून उभ्या असलेल्या मनीषाकडे बराच वेळ बघत राहिले.

"आबा, रागावू नका," नाना म्हणाले. "आम्ही आता शो करत नाही."

"रागवाले नाही आलो." आबांचा आवाज अगदी साधा होता. "माह्या पोराचं पडनं मले समद्यायनं दाखवलं. पावन्यायनं दाखवलं. चौकशीवाल्यायनं दाखवलं. एस्टीत बाजूच्या मानसानं दाखवलं, त्याले काय माहीत मी कोन. उडे कसा, ते कोनापाशीच नाही."

आम्ही खिशातले मोबाईल काढले. मी माझा पाहिला, नानांनी त्यांचा. हेल्मेट घातलेले विलासभाऊ होते, हार घातलेले होते, पाहुण्यांशी हात मिळवणारे, पोहे खाणारे. सगळे जमिनीवरचे. ते वर असताना आम्ही सगळे कामात असायचो. मी बोलायचो, साहेब वारा बघायचे, नाना लोक आवरायचे.

आबा मनीषाला म्हणाले, "पोरी, तो जसा फिरे तसं फिरून दाखव."

मनीषानं विचारलं, "सरळ जाऊन येऊ, आबा?"

"नाही. ते गोल गोल येनं. त्याच्या आईले अंगनात हात करून दाखवे तो. तसं."

देवरे साहेब पुढे झाले. "आबा, ते नको. तेवढं सोडून काहीही सांगा."

"तुमाले नाही म्हनत मी," आबा म्हणाले. "तिले म्हनतो."

हवा अगदी स्थिर होती. काठीला बांधलेली, वारा दाखवणारी पिशवी मरगळून खाली लोंबत होती. मनीषा साहेबांकडे बघत होती. साहेब हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते वळले आणि आमच्याकडे पाठ करून त्या पिशवीकडे बघत उभे राहिले.

मनीषा धावली. पाय सुटले. कापड उन्हात भरून आलं आणि ती वर गेली, खूप वर. गुरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. माझ्या हातात माईक नव्हता, हातांचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

आबा खुर्चीतून उठले. कपाळावर आडवा हात धरला.

वर मनीषा कलली. मग गोल, गोल, खाली, आणखी खाली. कापड सपसप वाजत होतं. नानांनी डोळे मिटले होते, त्यांचे ओठ हलत होते. आबांची मान तिच्याबरोबर गोल फिरत होती. अगदी जवळ आल्यावर ती सरळ झाली, चार पावलं पळाली आणि उभी राहिली.

साहेबांनी आत्ता मागे वळून पाहिलं.

मनीषानं हेल्मेट काढलं. पट्ट्याचं बकल तिला सुटेना. आबा ढेकळं तुडवत तिच्यापर्यंत गेले. आम्ही मागोमाग. मला वाटलं, आता ते रडतील. नानांना वाटलं, तिच्या डोक्यावर हात ठेवतील.

त्यांनी रुमालानं मान पुसली. जिथून ती खाली आली होती, त्या आकाशाच्या तुकड्याकडे पाहिलं, आणि म्हणाले,

"अजून एकडाव."

मनीषानं साहेबांकडे पाहिलं. देवरे साहेबांनी काठीवरच्या पिशवीवर एक नजर टाकली, आणि पेट्रोलचा कॅन उचलला.